गोलाची वही

२२ एप्रिल, मंगळवार
नववीचे पेपर तपासायला शाळेत गेले आणि डोकं धरून परत आले. मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावून बोर्डाचं पत्र पुढं सरकवलं. दहावी, विज्ञान भाग एक. आपल्या सात मुलींनी एका प्रश्नाचं उत्तर शब्दाला शब्द सारखं लिहिलंय. सामूहिक कॉपीचा संशय. निकाल राखून ठेवणार. तीस तारखेला पालक घेऊन सुनावणीला या.

नावं वाचत गेले. सातही माझ्या गोलातल्या. गोलाबाहेरची एकही नाही.

साती जणी तीन वेगवेगळ्या वर्गांत बसल्या होत्या, मग कॉपी कशी करतील, असं विचारलं. सर म्हणाले, म्हणूनच तर बोर्डाला वाटतंय की बाहेरून कुणीतरी उत्तर पुरवलं. मग ते माझ्याकडं बघत राहिले. मला संताप आला. गेली पाच वर्षं रोज संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत या पोरी गोल करून बसतात, एक चहा दोघींत पितात आणि शिकतात. त्यांना कोण कशाला उत्तर पुरवेल?

घरी येऊन ग्लोरियाला, माझ्या घरातल्या सोबतिणीला, सांगितलं. ईस्टरचा उरलेला केक तसाच फ्रिजमध्ये.

२३ एप्रिल, बुधवार
सगळ्यांना बोलावलं. प्रज्ञा आली ती भांडायच्या तयारीनंच. तिचे वडील तहसीलमध्ये क्लार्क, घरात कायद्याची भाषा. म्हणाली, "बाई, आमी कॉपी न्हाई केली. गोलात ठरलं होतं तेच लिवलं."

मी प्रश्न वाचला. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीबाहेर थेंब का जमतात? एकेकीला वेगळं आत बोलावून उत्तर म्हणायला लावलं. रेणुका, प्रज्ञा, मग बाकीच्या पाच. सगळ्यांची तीच चार वाक्यं. शेवटचं वाक्य: "माठ बाहेरून ओला होतो, तोही हवेतल्या बाष्पामुळेच."

माठ पाझरतो म्हणून ओला होतो. आतलंच पाणी बाहेर येतं. पाचवीच्या पोराला कळावं. एका पोरीनं चूक केली तर चूक, सातींनी तीच केली तर कॉपी. बोर्डाचं काय चुकलं?

आणि ही चूक यांची नाही. गोलात उत्तर सगळ्यांनी मिळून घडवायचं, प्रत्येकीनं दुसरीला समजावून सांगायचं, मग ते वहीत उतरायचं, ही आमच्या असोसिएशनची, म्हणजे साध्या नोकऱ्या करून राहणाऱ्या कॅथलिक बायकांच्या संघटनेची, पद्धत. बाईनं त्याच दिवशी दुरुस्त करायचं नाही, एक दिवस थांबायचं, म्हणजे पोरी आपल्या आपण शोधतात. मी थांबले. दुसऱ्या दिवशी जालन्याहून भावाचा फोन, आईला दवाखान्यात नेलंय. तिकडं गेले, नाताळ तिथंच झाला, आणि परत आल्यावर माठ साफ विसरले. पोरींनी मात्र पाठ केला. बाईनं काही म्हटलं नाही म्हणजे बरोबरच असणार.

२४ एप्रिल, गुरुवार
गोलाची वही काढली. दोनशे पानी, लांब, निळ्या पुठ्ठ्याची. १८ डिसेंबरचं पान लगेच सापडलं. प्रज्ञाचं अक्षर, चार वाक्यं, माठ, खाली सातींच्या सह्या आणि तारीख. परीक्षेच्या अडीच महिने आधीचं. हेच दाखवलं की सुटलो. हायसं वाटलं.

मग पान उलटलं.

विसरलेच होते. गोल सुरू होतो तो "आजचं"ने. एकीनं आपल्या मनात जे आहे ते चार ओळींत लिहायचं. वाचायचं गोलातच, बाहेर न्यायचं नाही. त्याच पानाच्या पाठीमागं १९ डिसेंबर, रेणुका.

जानेवारीची तारीख धरून तिचं लग्न ठरलं होतं. सोळा वर्षांची पोर. वडील सोपानराव शेळ्या-मेंढ्या राखणारे, माणूस कष्टाळू, पोरीवर जीव. स्थळ चांगलं म्हणून घाई. मग डिसेंबरात सरकारी माणसं दारात आली, लग्न थांबलं. सरकारला कळवायचा फोन कुणी केला? सोपानरावांनी ठरवून टाकलं, आपल्याच भावानं. माणिक, चुडाव्याला रेल्वेत ट्रॅकमन. लग्नाला त्याचा विरोध होता. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद.

फोन रेणुकानं केला होता. मी तेव्हा जालन्याला होते, आज कळलं; ते या पानावर तिच्याच अक्षरात आहे.

२६ एप्रिल, शनिवार
ग्लो.शी दोन दिवस वाद. ती म्हणते, पुढच्या बाजूची झेरॉक्स दे. मी म्हटलं, अगं बँकेत काम करतेस, झेरॉक्सवर कर्ज देता का तुम्ही? ती म्हणाली, नाही. मग पाठीमागं कागद चिकटव म्हणाली. म्हणजे कुणाचंही लक्ष आधी तिथंच जाणार.

सरांना उत्तराचं पान दाखवलं, पाठ नाही दाखवली. त्यांचं पहिलं वाक्य: सुटं पान चालायचं नाही, काल बसून कुणीही लिहील, सलग वही पाहिजे. दुसरं वाक्य: तुम्ही हे लेखी देऊच नका. अनुदानित शाळेच्या शिक्षिकेनं घरी पोरी शिकवायच्या म्हणजे खासगी शिकवणी. फुकट आहे म्हटलं तर म्हणाले, "फुकटचं तर अजून कुणी मानणार नाही, बाई. आणि त्यात तुमचं ते असोसिएशन."

'ते असोसिएशन' असं म्हणाले की मला चीड येते. चौदा वर्षं याच गावात, याच शाळेत. आम्ही कॅथलिक आहोत हे भाजीवालीलाही माहीत आहे. नोकरी आपली, साडी आपली, भाड्याचं घर आपलं. कुणाला कधी येशूचं नावही शिकवलं नाही. पण सर वाईट नाहीत. घाबरलेत, आणि मीही घाबरलेय.

२७ एप्रिल, रविवार
असोसिएशनचा महिन्याचा कॉल. आठ देशांतल्या बायका एका पडद्यावर. बोलिव्हियाच्या कार्मेनकडं सकाळ, तिच्यामागं कोंबडा ओरडत होता. मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मुंबईच्या समन्वयकबाई लगेच म्हणाल्या, असोसिएशनचं नाव कागदावर येऊ देऊ नकोस, सध्या दिवस कसे आहेत तुला माहीत आहे. खरंय त्यांचं. तरी मन कडू झालं.

कार्मेननं एकच विचारलं, वही कुणाची आहे? मी म्हटलं, गोलाची. मग तू का ठरवते आहेस, म्हणाली. दूर बसून शहाणपण सोपं असतं, असं मनात म्हटलं आणि कॉल बंद केला. दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

३० एप्रिल, बुधवार
पहाटेच्या गाडीनं सगळे निघालो. सात पोरी, सात पालक, सर, मी. रेणुका खिडकीशी, शेजारी सोपानराव, डोक्याला पागोटं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. त्यांनी मला पण भाकरी दिली. ती रुमालात गुंडाळून ठेवली.

वही माझ्या पर्समध्ये होती. का घेतली, ठाऊक नाही.

अधिकारी चष्मेवाले, थकलेले, पण सरळ वाटले. एकेकीला आत घेतलं. साती जणींनी उत्तर घडाघडा म्हटलं आणि साहेबांचा चेहरा आणखीच पडला. मग मला बोलावलं. विचारलं, तुम्ही सिस्टर का? म्हटलं, नाही साहेब, विज्ञानाची बाई. माठाची चूक माझी आहे, लेखी देते. सर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत राहिले. मी लिहून दिलं. गोलाबद्दल, घराबद्दल, सगळं. असोसिएशनचं नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

साहेब म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण मला पटून निकाल लागत नाही. मूळ वही दाखवा. सगळी बघावी लागेल, आणि पालकांसमोर वाचून त्यांच्या सह्या घ्याव्या लागतील. आणलीय का?"

दारात रेणुका उभी होती. तिची नजर माझ्या पर्सवर.

"नाही," मी म्हटलं. "घरी आहे."

नऊ मे ही शेवटची तारीख दिली. त्यानंतर नियमाप्रमाणे निकाल रद्द.

१ मे, गुरुवार
झेंडावंदन. पोरी आल्या नव्हत्या. बरंच झालं.

रोज संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींना दिवसातलं एक खरं सांगतो. हीही असोसिएशनचीच सवय. कालचं मी आज सांगितलं: सरकारी माणसासमोर, मांडीवरच्या पर्समध्ये वही असताना, खोटं बोलले. ग्लो. म्हणाली, मला वाटलंच होतं. मग म्हणाली, एकीला वाचवायला सहा जणींचं वर्ष घालवशील का? मी म्हटलं, तू सांग. तिनं उठून भांडी घासायला घेतली.

२ मे, शुक्रवार
गोल बसवला. रेणुका मुद्दाम आली नाही, शेळ्या घेऊन गेली. सहा जणींना म्हटलं, १८ तारखेच्या पानाच्या मागं काय आहे ते... प्रज्ञा म्हणाली, "म्हाईत हाय बाई. आमी समद्यांनी तवाच वाचलंय."

चार महिन्यांहून जास्त, सात पोरींच्या पोटात ही गोष्ट राहिली. आमच्या स्टाफरूममध्ये चार मिनिटं राहत नाही. एकीच्याही घरी पत्ता नाही.

एकजण रडली. तिला नर्सिंगला जायचंय, आधी बारावी, त्याच्या आधी ही दहावी. रडत रडतच म्हणाली, पण पान न्हाई दाखवायचं. प्रज्ञाच्या वडिलांनी घरी सांगितलंय की वही दिली नाही तर ते स्वतः शाळेवर तक्रार करणार. ती म्हणाली, "करू द्या. रेणुकाचं रेणुकानं ठरवायचं. आमी तिला इचारनार बी न्हाई. इचारलं की तिला हो म्हनावंच लागतंय."

मला एवढी अक्कल पन्नाशीत नाही. अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण नऊ तारीख काही यांच्या शहाणपणासाठी थांबणार नाही.

५ मे, सोमवार
रेणुका आली. ऊन मी म्हणत होतं. दोन करडं दारातच बांधली. पाणी प्याली. मी म्हटलं, तुझ्यावर कुणाचा जोर नाही. ती म्हणाली, तेच तर. कुनी काय म्हनंचना. पोरी भेटल्या की सिनेमाच्या गोष्टी काढायल्यात.

वडील मारतील का, म्हणून विचारलं. ती हसली. "बापूनं कवाच बोट न्हाई लावलं. त्यो बोलायचा बंद व्हईल बाई. काकासंगं झाला तसा. एका घरात ऱ्हाऊन बोलायचं न्हाई म्हंजे..." वाक्य तिनं पुरं केलं नाही.

जाताना पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मला तोंडानं सांगायला हुयना. बापूला वाचता येत न्हाई. मी तुमच्याकडं लावून देते. बोर्डात दावायच्या आदी तुमी वाचा."

मला हे नकोय. मी विज्ञानाची बाई आहे. बोर्डाला चार ओळी लिहून देणं वेगळं. बापाच्या तोंडावर हे वाचायचं?

६ मे, मंगळवार
सोपानराव अकराला आले. चपला बाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसले. पोरीनं लावून दिलंय, म्हणाले, निकालाचं काय वाचून दावायचंय म्हन्ली. ग्लो. कामावर. घरात आम्ही दोघंच.

वाचलं. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला. जे वाचलं ते असं:

"आजचं, रेणुका. काल दुपारी शाळेच्या मागं जाऊन मी फोन केला. मीच केला. गावाचं नाव, बापूचं नाव, माझं वय सांगितलं. पोरगा वाईट नाही. मला फक्त परीक्षेला बसायचंय. नाव माणिककाकावर येईल, पण त्याला यातलं काही माहीत नाही. बापूला काय सांगू ते अजून सुचत नाही."

सोपानराव खुर्चीच्या कडेवरून पुढं सरकले. मग म्हणाले, "काकाचं काय हाय ते परत वाचा."

परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग बोट पुढं केलं, यात माणिकचं नाव कुठं लिवलंय? मी दाखवलं. त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि ठेवूनच बसले. मला त्यांची दया आली, आणि रागही होता, तो कुठं ठेवावा कळेना.

मग म्हणाले, "ही वही मला पायजे."

मी सांगितलं, नऊ तारखेला ती बोर्डात न्यायची आहे, सात पोरींचं वर्ष त्यात आहे. ते म्हणाले, "म्हाईत हाय. माजी बी पोरगी त्या सातीत हाय."

मी दिली. त्यांनी ती पागोट्याच्या सोग्यात गुंडाळली, चपला घातल्या आणि गेले.

७ मे, बुधवार
ग्लो. एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. सहा पोरींना न विचारता त्यांचा एकुलता पुरावा दुसऱ्याच्या हातात दिलास, म्हणाली. वही गोलाची ना? मग? तिचं बरोबर आहे. पण तो माणूस समोर बसला असताना नाही म्हणणं मला जमलं नाही, हेही खरं. फाडली असेल का? चुलीत घातली असेल? असं वाटतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटते.

दुपारी वस्तीवर गेले. रेणुका एकटीच, शेळ्यांना पाला टाकत होती. बापू काल तुमच्याकडून आले ते घरात न येता स्टेशनाकडं गेले, म्हणाली. पूर्णेकडच्या गाडीनं. शेजारच्यानं बघितलं. रात्री आले नाहीत. फोन घरीच.

तिला सांगितलं, वाचून झालंय. तिनं मान हलवली. विचारलं नाही, बापू काय म्हणाले. मीही सांगितलं नाही.

प्रज्ञाला आणि बाकीच्यांना खरं काय ते सांगितलं. वही माझ्यापाशी नाही. कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

८ मे, गुरुवार
सरांचा सकाळीच फोन, उद्या किती वाजता निघायचं? म्हटलं, पहाटेचीच गाडी. वही? म्हटलं, येईल. हेही खोटंच की काय, देवाला ठाऊक. प्रार्थनेला बसले. काय मागायचं तेच ठरेना. वही मागू, की त्या बापाचं तोंड उघडावं म्हणून मागू? दोन्ही मागितलं.

दुपारी तीन वाजता अनोळखी नंबर.

"बाई, मी माणिक बोलायलोय. चुडाव्याहून. रेणीचा काका. वहीवर तुमचा नंबर हाय."

वही त्याच्यापाशी आहे. परवा संध्याकाळी सोपानराव दारात आले, एक शब्द न बोलता वही त्याच्या हातात दिली आणि ओट्यावर बसले. त्यानं वाचली. त्या दिवशी एकदा, काल एकदा. फाडलेली नाही ना, असं मी मध्येच विचारलं, तर म्हणाला, न्हाई बाई, पिशवीत घालून ठिवलीय.

"आणि सोपानराव?"

"हितंच हायत. दोन दिस झाले. माज्यासंगं बोलंनात, पर उठून बी जाईनात. काल रुळावर कामाला गेलो तर मागं मागं आले, लांब बसून ऱ्हायले."

मी सांगितलं, उद्या शेवटची तारीख आहे. वही पाहिजे, आणि तिथं रेणुकाच्या पालकाची सही लागेल. पान सगळ्यांसमोर वाचलं जाईल, हेही सांगितलं. तो म्हणाला थांबा, आणि भावाला विचारायला गेला. फोन चालूच होता. माणिकचा आवाज ऐकू आला, मग एक मालगाडी गेली. मग दुसरा आवाज, हळू. शब्द कळले नाहीत. पण बोलला.

माणिक परत आला. आवाज बदललेला.

"बाई, आमी संध्याकाळच्या गाडीनं निगतोय. दोघं बी. वही आणतोय. पर दादा म्हन्तोय, पोरीला आदी इचारा. कागदावर पालक म्हनून कुनाचं नाव लावायचं, बापाचं का काकाचं? ती म्हनंल त्यो सही करंल."

हे रागानं म्हणतायत की कसं, असं विचारलं. तो म्हणाला, "मला बी कळंना. तोंड फिरवून बसलेत."

आनंद म्हणावा तर म्हणता येत नाही. त्या घरात पोरीला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते हे.

ग्लो. आज बँकेतून लवकर आली. सगळं ऐकलं, पर्स परत खांद्याला लावली आणि म्हणाली, चल, मीही येते. रेणुकाला विचारायला वस्तीवर निघालो आहोत.